सागाच्या फळीतली फट

"दिसली का काडी?" फळ्यांच्या पलीकडून वच्छलामावशींनी विचारलं.

"दिसली. आता खाली आणा."

फटीतून डोकावणारं खराट्याच्या काडीचं टोक खाली सरकत आलं आणि माझ्या उशीच्या उंचीला येऊन थांबलं. मी तिथं खडूची रेघ मारली. बाकीच्या फटी कागदाची कड जाईल एवढ्याच होत्या. ही मात्र वीतभर लांब आणि बोटभर रुंद होती.

"हे सगळ्यात मोठी हाय वं," मावशी म्हणाल्या. "पापड जाते इथून."

"मलाच सांगताय? खाल्लेत कुणी ते?"

त्या हसल्या. मीही हसले, कारण हसले नसते तर दुसरंच काहीतरी झालं असतं. माझ्या मांडीवर परातभर सागाचा भुसा होता आणि उशीवर झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या नळ्या. आमच्या दोघींमधल्या या भिंतीतल्या फटी मला त्या दिवशी बुजवायच्या होत्या.

याला आता बरीच वर्षं झाली. परतवाड्याला मी बदलीवर आले होते, गुरांच्या दवाखान्यात कारकून म्हणून. माणसांशी जमत नाही म्हणून हिला गुरांकडे पाठवलीय, असं माझा भाऊ कराडला येईल त्याला सांगायचा आणि मीही हसून साजरं करायची. आईवडील गेल्यावर भावाच्या घरी मला पाहुणीची गादी मिळायची, माझी अशी नव्हती. त्यामुळे बदली थेट दुसऱ्या टोकाला झाली तरी ती रद्द करून घ्यायला मी कुणाच्या पाया पडले नाही.

परतवाडा म्हणजे लाकडाचं गाव. मेळघाटातला साग तिथं यायचा, चिरला जायचा आणि पुढे जायचा. आमच्या घरमालकाच्या लाकूड चिरायच्या आरा मशीनच्या वरच्या मजल्यावर एक लांबलचक दालन होतं. त्यानं मधोमध फळ्या ठोकून त्याच्या दोन खोल्या केल्या आणि दोन भाडेकरू ठेवले. फळ्या ओल्या असतानाच ठोकल्या होत्या, त्या वाळून आकसल्या आणि फटी पडल्या. माझा जिना रस्त्यावर उतरायचा, मावशींचा मागच्या आवारात, ओंडक्यांच्या थप्प्यांमध्ये. एकीनं दुसरीकडे जायचं तर खाली उतरून सगळ्या आवाराला वळसा घालावा लागे. मावशींचे गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे वळसा माझ्याच वाट्याला यायचा. पण आमच्या खाटा त्या फळ्यांना दोन्ही बाजूंनी चिकटून होत्या. झोपलं की दोघींच्या डोक्यांमध्ये फळीच्या जाडीएवढंच अंतर राहायचं.

दिवसभर खाली आरा किंचाळायचा. संध्याकाळी तो बंद पडला की कान एकदम रिकामे व्हायचे आणि मग फटीतून पहिला आवाज यायचा तो मावशींचा. प्रश्न रोजचा ठरलेला.

"भाजी कायची केली वं?"

"वांग्याची."

"मंग वास कसा नाही आला?"

वास कुठून येणार? एकट्या जिवासाठी फोडणी घालायचा मला कंटाळा होता. मी चहात बुडवून सकाळची पोळी खायची, नाहीतर मुठी भरून चुरमुरे. मावशींना हे पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तरी त्या रोज विचारायच्या, मी रोज वांग्याची सांगायची, आणि थोड्या वेळानं भाजलेल्या पापडाचा अर्धा तुकडा फटीतून माझ्या उशीवर यायचा.

मग आम्ही बोलायचो. त्या वाती वळता वळता, मी छताकडे बघत. मी लग्न का केलं नाही, त्यांचा नवरा दारू प्यायल्यावर कोणती गाणी म्हणायचा, मरणाची भीती वाटते का, सगळं. गंमत अशी, की मी वळसा घालून त्यांच्या खोलीत गेले आणि समोरासमोर बसलो, की आम्हाला बोलायला काही सुचायचं नाही. त्या माझ्या साडीचं कौतुक करायच्या, मी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करायची, आणि दोघीही मनातल्या मनात मी कधी उठते याची वाट बघायचो. परत येऊन खाटेवर पडलं, की फटीतून आवाज यायचा, "हं, आता बोल." आयुष्यात मी कुणाशी खरं बोलले असेन तर त्या लाकडाशी.

मावशींना एकच मुलगा, दिगांबर. वायरमन होता, अमरावतीला राहायचा. त्याचं लग्न जमत नव्हतं म्हणून मावशींनी देवीला लाख वातींचा नवस बोलला होता. वऱ्हाडात कापसाला तोटा नाही. त्यांच्या खाटेखाली कापसाची टोपली कायम भरलेली असायची. शेवटी लग्न झालं, दिगांबरनं जवळच अचलपूरला बदली मागून घेतली आणि बायकोला घेऊन आईजवळ राहायचं ठरवलं. मावशी आनंदानं वेड्या व्हायच्या बाकी होत्या. पण तो खोली बघायला आला आणि त्या मोठ्या फटीसमोर उभा राहिला. मी अलीकडे होते. त्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

"आई, इथून त सारं दिसते. मी बायको घेऊन असा उघड्यावर राहू का? हे बुजव, नाही त मी तिकडंच बरा हाय."

त्या संध्याकाळी भाजीचा प्रश्न आला नाही. बऱ्याच वेळानं मावशींनी घसा साफ केला.

"शैला वं, एक सांगू का? तुले राग येईन."

"ऐकलंय मी. बुजवू की. त्यात काय?"

"सुताराले बोलावते मी."

"नको," मी म्हणाले. "मीच बुजवते." परक्या माणसानं येऊन ती फट बंद करावी हे मला सोसलं नसतं. मावशींना सून हवी होती, मुलगा हवा होता, भरलेलं घर हवं होतं. त्यांनी का म्हणून माझ्यासाठी ते सोडावं? हे सगळं मला पटत होतं.

युक्ती खाली आऱ्यावर काम करणाऱ्या मिस्त्रींनी सांगितली. भुसा दाबून भरायचा, वरून हा गोंद सोडायचा, दगड होतो. खिडकी उघडी ठेवा आणि तोंड वर धरू नका, एवढंही बजावलं.

तर त्या दिवशी आधी बारीक फटी बुजवून झाल्या. भुशावर गोंद पडला की क्षणभर काही व्हायचं नाही, मग एक तिखट वाफ उठायची आणि नाकाच्या शेंड्यापासून डोळ्यांपर्यंत झोंबत जायची. फळीवर तळवा ठेवला तर ती ताप आल्यासारखी गरम लागायची. तिकडून मावशी खोकत होत्या.

"काय औषध हाय हे? डोये निऱ्हे जळून राह्यले माहे."

"खिडकी उघडा. माझेही जळताहेत."

डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याचं कारण सांगायची सोय होती, एवढं बरं होतं.

शेवटी मोठी फट राहिली. तिच्यात भुसा ठरेना. मी इकडून दाबला की तिकडे मावशींच्या अंथरुणावर सांडायचा. दोनतीनदा तसं झाल्यावर त्या वैतागल्या.

"थांब. असं नाही होत. मी इकडून कापूस ठासते, त्याच्यावर तू तुहा भुसा टाक."

मला ते अगदी पटलं. खोकल्याच्या बाटलीच्या बुचापासून उशीपर्यंत त्या घरात सगळीकडे कापूसच तर लागायचा. त्यांनी वातींच्या टोपलीतला कापूस काढला आणि वरपासून खालपर्यंत ठासून भरला.

"दाबून धरलाय का?"

"धरला हाय. बोटानं धरला. टाक."

मी अख्खी नळी त्यात रिकामी केली.

भुशावर वाफ यायची, इथं धूर आला. पांढरा, दाट, सरळ माझ्या तोंडावर. मी मागं सरले आणि त्याच क्षणी पलीकडून किंकाळी आली. मावशींना मी कधी एवढ्या मोठ्यानं ओरडताना ऐकलं नव्हतं.

"बोट! शैला, बोट निंगत नाही वं! भाजलं! आई वं!"

मी फळीवर हात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला. फळीच्या पलीकडे त्यांचं बोट जळत होतं आणि माझ्या हातात काही नव्हतं. मी तांब्या उचलला, जिना उतरले, रस्त्यावरून फाटकात शिरले. आवारात ट्रक उभा होता, त्याच्या आणि थप्पीच्या मधून अंग चोरून गेले. हमाल बघत राहिले. मागचा जिना चढेपर्यंत तांब्यातलं अर्धं पाणी माझ्या साडीवर होतं.

मावशी खाटेवर गुडघे टेकून भिंतीला चिकटल्या होत्या. उजव्या हाताची तर्जनी फटीत अडकलेली होती.

"ओढू नका," मी म्हणाले. "कातडं निघेल."

उरलेलं पाणी मी बोटावर सोडलं. मग त्यांच्याच माठातलं सोडत राहिले. कापूस थंड झाला होता पण लाकडासारखा टणक. मी त्यांचं मनगट एका हातात धरलं आणि बोट ओढण्याऐवजी थोडंथोडं लोळवत राहिले, डावीकडे, उजवीकडे. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं होतं. इतक्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदाच एवढ्या जवळून बघत होते. हनुवटीवर गोंदणाचे हिरवे ठिपके होते, हे मला माहीतच नव्हतं.

बोट सुटलं. शेंडा पांढराफटक पडला होता आणि त्याला कापसाचे तंतू चिकटले होते. मी ते माठातल्या पाण्यात बुडवलं आणि धरून ठेवलं.

"डॉक्टरकडे जाऊ," मी म्हणाले. "आणि हे राहू दे आता. दिगांबरला सांगा, जमत नाही."

मावशींनी त्या फटीकडे बघितलं. अजून वरच्या बाजूनं उजेडाची एक बारीक रेघ येत होती.

"नाही वं," त्या म्हणाल्या. "पूर्ण करून टाक. अर्ध राह्यलं त पोरगं फिरून जाईन माहं."

मलम लावून, पट्टी बांधून घेऊन आम्ही दवाखान्यातून परत आलो. त्यांना खाटेवर बसवलं आणि वळसा घालून मी माझ्या खोलीत आले. या वेळी कापूस नाही, नुसता भुसा, थोडाथोडा, थांबून थांबून. शेवटचा उजेड बुजण्याआधी पलीकडून मावशींचा आवाज आला, "झालं का?" मी म्हटलं, "झालं." त्यांना ते ऐकू गेलं की नाही ते मला कळलं नाही.

सून आली. ज्योत्स्ना तिचं नाव. तिच्या बांगड्यांचा, भांड्यांचा आणि दिगांबरच्या रेडिओचा आवाज फळ्यांतून यायचा, पण शब्द यायचे नाहीत. ओरडलं असतं तर गेलं असतं ऐकू, पण आमच्या गोष्टी ओरडून बोलायच्या नव्हत्या. आरा बंद झाला की मी सवयीनं खाटेवर येऊन पडायची. कान रिकामे व्हायचे आणि रिकामेच राहायचे.

एकदा पेढे घेऊन वळसा घालून गेले. ज्योत्स्नानं खुर्ची दिली, चहा दिला. मावशी भिंतीशी बसल्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन. बोट बरं झालं होतं, पण वाती जाड, वेड्यावाकड्या व्हायला लागल्या होत्या. "साडी चांगली हाय तुमची," त्या म्हणाल्या. तुमची! मी गुडघ्यांची चौकशी केली. चहा संपवून उठले आणि जिना उतरताना ठरवलं, की पुन्हा यायचं नाही. मला वाईट वाटलं होतं आणि वाईट वाटलं की मला राग येतो, हा माझा स्वभावच आहे.

त्यानंतर काही दिवसांनी ते सुरू झालं. संध्याकाळी, साधारण दिगांबर आणि ज्योत्स्ना फिरायला बाहेर पडायचे त्या वेळी. उशीच्या उंचीला फळीत कुर्र, कुर्र, थोडं थांबून पुन्हा कुर्र. लाकडाच्या वखारीत उंदरांचं राज्य. माझ्या साबणाची वडी त्यांनी कुरतडली होती, एक ब्लाउजही. मी फळीवर थाप मारली की आवाज थांबायचा आणि मग आणखी जोरात सुरू व्हायचा. मला त्या उंदराचा भयंकर संताप आला. सगळं गेलं ते गेलं, आता उशाशी हा दात परजत बसणार का?

एका संध्याकाळी तो आवाज अगदी जवळ आला. मी भुसा घेतला, जुन्या बुजवलेल्या जागेवर जाडसर थापला आणि उरलेल्या नळ्या त्यावर पिळल्या. वाफ उठली, डोळे झोंबले, फळी गरम झाली. कुरतडणं एकदम थांबलं. त्यानंतर ते पुन्हा कधी ऐकू आलं नाही. मी स्वतःवर खूश होते, हे मला चांगलं आठवतं.

भावाच्या मुलीच्या लग्नाला मी कराडला गेले होते, तेवढ्यात मावशी खोली सोडून गेल्या. आऱ्याच्या आवाजानं आणि भुशानं ज्योत्स्नाला त्रास व्हायला लागला, म्हणून दिगांबर दोघींना घेऊन अमरावतीला परत गेला. परत आले तर मालक जिन्यातच भेटले.

"मॅडम, ती खोली बी पाहून घ्या. पाहिजे असंल त फळ्या काढून देतो, सगळं तुम्हालेच."

वळसा घालून मी वर गेले. खोलीतलं सगळं झाडून नेलं होतं. खाट नव्हती, म्हणून भिंत पूर्ण दिसत होती. मी बुजवलेल्या सगळ्या फटी तशाच होत्या, एक सोडून.

मोठ्या फटीच्या जागी, जिथं मावशींची उशी असायची तिथं, फळी खरवडलेली होती. टणक झालेला कापूस कुणीतरी कणाकणानं उकरून काढला होता. खाली जमिनीच्या कोपऱ्यात त्याचे पिवळट खडे पडले होते. खाच आत आत गेली होती, माझ्या खोलीपर्यंत यायला नखाएवढं काही उरलं असेल. आणि त्या खाचेत, अर्धा आत अर्धा बाहेर, केसांचा आकडा अडकला होता. मी तो ओढला. निघेना. माझ्या बाजूनं आत झिरपलेल्या गोंदात तो घट्ट चिकटून बसला होता.

मी खाली बसले. मुलगा-सून बाहेर पडायचे, तेवढ्या वेळात ही बाई त्या भाजलेल्या बोटात आकडा धरून माझ्याकडे यायला वाट खणत होती. मी थाप मारली की तिला वाटायचं मी उत्तर देतेय, म्हणून ती आणखी जोरात खणायची. आणि मग एक दिवस आकडा आत असतानाच पलीकडून धूर आला आणि फळी गरम झाली. तो धूर काय असतो हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

लोळवून लोळवून मी आकडा सोडवला. त्याचं एक टोक तुटून आतच राहिलं.

अमरावतीचा पत्ता मालकाकडून घेतला आणि रविवारी सकाळी बसमध्ये बसले. दिगांबरचं घर नव्या वस्तीत होतं, सिमेंटच्या भिंतींचं. ज्योत्स्नानं खुर्ची दिली, चहा ठेवायला आत गेली. मावशी आतल्या लहान खोलीत पलंगावर बसल्या होत्या. मला बघून त्यांनी पदर सारखा केला.

"आल्या का? बसा. प्रवास झाला का नीट?"

"झाला. गुडघे कसे आहेत?"

"हायेत तसेच."

झालं. आमचं संपलं. त्या खिडकीकडे बघत होत्या, मी पायपुसण्याकडे. शेवटी मी पर्समधून आकडा काढला आणि पलंगावर त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो ओळखला. तर्जनीच्या गुळगुळीत झालेल्या शेंड्यानं त्याला हात लावला, पण उचलला नाही.

"मला उंदीर वाटला, मावशी," मी म्हणाले. "देवाशपथ. मला वाटलं उंदीर कुरतडतोय."

त्यांनी पलंगावरची चादर तळव्यानं सारखी केली.

"मले वाटलं," मग त्या म्हणाल्या, "तुले माहा कंटाळा आला."

एकमेकींकडे बघणं दोघींनाही अवघड झालं होतं. मावशींनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"शैला, बाहीर जा," त्या म्हणाल्या. "दार लोटून घे."

त्यांनी मला घालवून दिलं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. मी उठले, बाहेर आले आणि दार लोटलं. चहाचा ट्रे घेऊन आलेली ज्योत्स्ना माझ्याकडे बघत उभी राहिली. मी चपला शोधायला लागले.

आतून पलंग करकरला. कुणीतरी आडवं झालं होतं. मग दाराच्या फटीतून आवाज आला.

"भाजी कायची केली वं?"

मी तिथंच दाराला टेकून फरशीवर बसले. सकाळी निघताना मी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

"वांग्याची," मी म्हणाले.

"मंग वास कसा नाही आला?"